एका ओढ्यापुरता चतुर : चौकुळची गोष्ट अन् आपल्या जिल्ह्यातले नाले

नाला खोलीकरणाचा ठराव, रेतीघाटाचा लिलाव, रात्री पकडलेला टिप्पर, बंधाऱ्याचं भूमिपूजन. रामटेकपासून भिवापूरपर्यंत अन् नरखेडपासून कुहीपर्यंत तालुक्याच्या बातम्यांमध्ये हे विषय वर्षभर येतात. त्यात पाणी किती अडलं, रेती किती गेली, दंड किती झाला, सगळं येतं. नाल्यात राहतं कोण, एवढंच येत नाही. वाटतं की नाला म्हणजे पाण्याची नाली, तिच्यात काय राहणार? मासे, खेकडे, फार तर बेडूक.

राहणाऱ्यांपैकी एकाची ओळख आज करून घेऊ. त्याचं नाव चतुर. आपल्याकडचे पोट्टे त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. ज्यांनी लहानपणी त्याच्या शेपटीला धागा बांधून उडवला नसेल, असे गावात थोडेच सापडतील.

हा किडा आज बातमीत येण्याचं कारण सिंधुदुर्गात आहे. सावंतवाडी तालुक्यात आंबोलीजवळ चौकुळ नावाचं गाव आहे. कबुलायतदार गावकर जमिनीच्या प्रश्नामुळे ते पेपरात अनेकदा येतं. २०२२ मध्ये शंतनू जोशी, दत्तप्रसाद सावंत, हेमंत ओगले यांच्या चमूनं तिथल्या चतुराची एक नवी जात जगासमोर आणली अन् तिला गावाचंच नाव दिलं, बर्मागोम्फस चौकुळेन्सिस. सह्याद्रीच्या झाडीतल्या वाहत्या ओढ्याचा हा रहिवासी. त्याच्या आधी २०२१ मध्ये साताऱ्याच्या ठोसेघरच्या नावानं एक टाचणी नोंदली गेली, युफिया थोसेघरेन्सिस. टाचणी म्हणजे चतुराची बारीक अंगाची बहीण, बसताना पंख पाठीवर मिटून घेणारी. गोव्याच्या नावाचा इडिओनिक्स गोमंतकेन्सिस २०१३ चा. म्हणजे ज्या सह्याद्रीत इंग्रजांच्या काळापासून किडे गोळा करणारे फिरले, तिथं आजही ओढ्याकाठी नवं नाव द्यावं लागतंय.

तुम्ही म्हणाल, सिंधुदुर्गातल्या किड्याचं आम्हाला काय? प्रश्न बरोबर आहे. उत्तर नीट समजायचं तर आधी दोन प्रकारच्या चतुरांमधला फरक पाहावा लागेल.

एक जग फिरणारा, एक जागा न सोडणारा

पोळ्याच्या आसपास शेतावर, मैदानावर, रस्त्याच्या वर पिवळसर चतुरांचे थवे तासन्तास फिरताना दिसतात. तो पँटाला. त्याच्यासारखा भटक्या किडा जगात दुसरा सापडणं कठीण. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं की हे चतुर भारतातून निघून मालदीव, सेशेल्स असं करत समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत पोचतात, अन् पुढच्या पिढ्या पुन्हा इकडे येतात. पावसाच्या डबक्यात अंडी घालायची, दीड-दोन महिन्यांत पिल्लं मोठी, की निघाले. डबकं आटलं तरी त्याचं काही अडत नाही, पुढच्या गावात दुसरं डबकं असतंच.

चौकुळचा चतुर अगदी उलट. तो ज्या घराण्यातला आहे, त्या घराण्याची खूण सोपी आहे. बाकीच्या बहुतेक चतुरांचे दोन मोठे डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतात, याचे दूर-दूर असतात. अंगावर काळे-पिवळे पट्टे, अन् बऱ्याच जातींत शेपटीचं टोक गदेसारखं फुगलेलं. यांची पिल्लं वर्षाचा मोठा भाग, काही जातींत वर्ष किंवा त्याहून जास्त काळ, पाण्याखालच्या रेतीत नाहीतर बारीक गोट्यांत स्वतःला पुरून राहतात. शेपटीचं टोक तेवढं वर, कारण श्वास तिथूनच घ्यायचा. जवळून अळी, किडा, बारीक मासोळी गेली की झडप. पंख फुटून बाहेर आल्यावर उरतात फक्त काही आठवडे. आपण ज्याला चतुर म्हणतो ते त्याचं म्हातारपण समजा. उमर सगळी पाण्यात गेलेली असते.

त्या पाण्याच्या अटी कडक आहेत. पाणी वाहतं पाहिजे, कारण वाहत्या पाण्यात हवा मुरलेली असते. थंड पाहिजे, म्हणजे काठावर झाडाची सावली पाहिजे. तळाशी रेती पाहिजे, पण गाळानं बुजलेली नको. अन् हे सगळं महिनोन्महिने टिकलं पाहिजे, एक-दोन पंधरवडे नाही. एवढं जमून येणारी जागा कमी. म्हणून काही जाती चार-दोन खोऱ्यांतच सापडतात, काही तर एखाद्या डोंगरापुरत्याच. पँटालाचं एक डबकं बुजवलं तर त्याला कळतही नाही. एका ओढ्यापुरत्या जातीचा ओढा पोकलेननं उकरला तर दोन दिवसांत जगातली सगळी बिरादरी जाऊ शकते, अन् गावात कोणाला पत्ताही लागत नाही.

जगाचा हिशेब यापेक्षा वेगळा नाही. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, म्हणजे आययूसीएननं, २०२१ च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच जगातल्या सगळ्या ज्ञात चतुर-टाचण्यांचा आढावा पुरा केला. ६,०१६ जाती तपासल्या, त्यातल्या १६ टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात निघाल्या. २०२५ च्या जानेवारीत गोड्या पाण्यातल्या २३,४९६ जातींचा, म्हणजे मासे, खेकडे-झिंगे अन् चतुर मिळून, अभ्यास आला. त्यात धोक्यातल्या जाती २४ टक्के. कारणं वाचली तर वाटतं कोणी आपल्याच तालुक्याची यादी केली : दूषित पाणी, धरणं, पाण्याचा उपसा, शेतीसाठी जमिनीत झालेले बदल, बाहेरून आणलेले जीव.

आपला जिल्हा या गोष्टीत कुठं बसतो

आपल्या जिल्ह्यात सह्याद्रीसारखे एका डोंगरापुरते चतुर शोधायला कोणी निघालं तर त्याला निराश व्हावं लागेल. इथले बहुतेक चतुर देशभर पसरलेले आहेत. पण चतुरांच्या अभ्यासात नागपूर मागं नाही, उलट देशात पुढं राहिलेलं आहे. हिस्लॉप महाविद्यालयाचे प्रा. रेमंड अँड्र्यू यांनी आयुष्यभर याच किड्यावर काम केलं. २००८ मध्ये चतुरांच्या अभ्यासकांची अठरावी आंतरराष्ट्रीय परिषद नागपुरात भरली, त्याच साली मध्य भारतातल्या चतुरांचं अँड्र्यू, सुब्रमण्यन अन् टिपले यांचं हस्तपुस्तक निघालं. आशिष टिपले अन् पंकज कोपर्डे यांनी २०१५ मध्ये महाराष्ट्राची यादी केली, त्यात १३४ जाती आल्या. या कामात वर्धा-नागपूर पट्ट्यातल्या अभ्यासकांचा मोठा वाटा आहे. (आपल्याकडे संत्रा अन् वाघ सोडून कशाचाच गवगवा होत नाही, हे वेगळं.)

तर आपल्याकडे प्रश्न एका जातीचा नाही, वाहत्या नाल्याचा आहे. वाहत्या पाण्याचे चतुर आपल्याकडेही आहेत. शेपटीच्या टोकाला आकड्यासारखा वाक असलेला, रेतीवर नाहीतर गोट्यावर बसणारा, फिकट पिवळा-काळा चतुर नदीकाठी पाहिला असेल. त्याचं पिल्लू रेतीतच वाढतं. पेंचच्या जंगलातले नाले, कन्हान, कोलार, सूर, आम, जाम, वेणा, अन् त्यांना मिळणारे बिननावाचे शेकडो नाले ही त्याची वस्ती. ती राहील की जाईल, हे पाच-सहा गोष्टींवर ठरतं, अन् त्या सगळ्या आपल्या ग्रामपंचायतीच्या किंवा तहसीलच्या टेबलावरून जातात.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर फसगत होते. नाल्यावर चतुर दिसले म्हणजे नाला चांगला, असं नाही. शहराच्या गटारावरही चतुर असतात. नारिंगी पंखांचा एक छोटा चतुर आहे, त्याचं शास्त्रीय नावच ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा. घाण पाण्याच्या काठावर तो शेकड्यानं बसतो अन् मजेत राहतो. नाग नदीच्या काठानं चाला, तोच दिसेल. गणती वाढलेली असते, पण रेतीत वाढणारे, हवा मुरलेलं पाणी मागणारे गेलेले असतात. म्हणून चतुर किती हे विचारू नका, कोणता आहे ते विचारा.

खोदलं म्हणजे नाला वाचला का?

आता अवघड भाग. नाला खोलीकरणाच्या विरोधात बोललं की शेतकरी म्हणतो, तुम्हाला किड्याची पडली, माझ्या विहिरीचं काय? काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात बोअरचं पाणी किती खोल गेलं हे तिथल्या माणसाला सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात टँकरनं बाग जगवणाऱ्याला चतुराची गोष्ट सांगणं म्हणजे उपाशी माणसाला फुलाचा वास देण्यासारखं आहे. हा आक्षेप खरा आहे अन् तो बाजूला सारून पुढं जाता येत नाही.

पण त्या खोदण्यानं विहिरीला पाणी आलं का, हे तरी विचारायला हवं की नाही? २०१४ नंतर राबवलेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्च झाले. भारताच्या महालेखापालांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल २०२० मध्ये विधिमंडळात आला. पाण्याची गरज भागवणं अन् भूजल पातळी वाढवणं, या दोन्हीत या खर्चाचा परिणाम थोडकाच झाला, असं त्यात म्हटलं होतं. पुढं २०२३ पासून जलयुक्त शिवार २.० सुरू झालं. अभियानात चांगली कामं झालीच नाहीत, असं कोणी म्हणत नाही. जिथं माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध-बंदिस्ती झाली तिथं फरक पडला. पण सगळ्यात सोपं, सगळ्यात लवकर बिल निघणारं काम म्हणजे नाल्यात मशीन उतरवणं. म्हणून ते सगळ्यात जास्त झालं.

मशीन उतरल्यावर नाल्यात काय होतं, ते पहा. आधी नाल्यात उथळ खळाळ असतो, मध्ये डोह असतो, पुन्हा खळाळ. खळाळात पाणी दगडांवर आपटून हवा घेतं. काठावर करंज, जांभूळ, अर्जुन, त्यांची मुळं पाण्यात. खोदल्यावर सगळं सरळ होतं, एकसारखी खोल चारी. काठची झाडं मातीच्या ढिगाखाली जातात. रेतीचा थर उचलला जातो, खाली मुरूम नाहीतर उघडा खडक. पावसाळ्यानंतर चारीत पाणी साचतं, पण थांबलेलं. दिवाळीनंतर ते हिरवं होतं. मग नाल्यातले चतुर जातात अन् तलावातले येतात. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, वा, पाणीही आहे, चतुरही आहेत.

माझं मत विचाराल तर खोलीकरण सरसकट बंद करा, असं नाही. पण तलाव अन् नाला यांत फरक करा. आपल्याकडे रामटेक, मौदा, कुही, भिवापूर या भागात मालगुजारी तलाव आहेत, मामा तलाव. त्यातला गाळ काढून शेतात टाका, जरूर टाका. तिथले चतुर साचलेल्या पाण्याचेच आहेत, त्यांचं फार बिघडत नाही, जमिनीचं मात्र भलं होतं. वाहत्या नाल्याला तोच नियम लावू नका. तिथं खोदायचंच असेल तर पूर्ण लांबी एका हंगामात उकरू नका. मधला एखादा पट्टा, झाडं असलेला, गोटे असलेला, जसाच्या तसा राहू द्या. पुढच्या पावसात वरचा-खालचा भाग तिथूनच पुन्हा वस्ती धरतो. याला जादा निधी लागत नाही. लागतो तो फक्त ठेकेदाराला सांगायला एक माणूस, जो मशीनच्या समोर उभा राहून म्हणेल, इथून इथपर्यंत नाही. अन् खरं सांगायचं तर तेच महाग आहे.

रेती, राख अन् सांडपाणी

रेतीचं तर विचारूच नका. ज्या रेतीत पिल्लू वर्षभर पुरून राहतं, तीच ब्रासनं मोजली जाते. कन्हानच्या काठचे सावनेर, पारशिवनी, कामठी, मौदा हे तालुके यात मुरलेले आहेत. धोरण किती वेळा बदललं बघा. २०२३ मध्ये सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासनं रेती द्यायचं ठरलं. २०२५ मध्ये डेपो पद्धत गुंडाळून पुन्हा लिलाव आले, घरकुलवाल्यांसाठी राखीव वाटा ठेवला. १० जून ते ३० सप्टेंबर नदीतून उपसा बंद, हा नियम मात्र दोन्ही वेळा कायम. हा नियम किड्यासाठी केलेला नाही, पण किड्यालाही तो उपयोगी आहे, जर पाळला गेला तर. पावसाळ्यात रात्री नदीकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यावर टायरांच्या चाकोऱ्या कशाच्या असतात, हे गावातल्या लहान पोराला विचारा.

२०२२ च्या जुलैत कोराडी वीज केंद्राचा खसाळ्यातला राखेचा बंधारा फुटला. राख शेतात गेली, कोलार नदीत गेली, तिथून कन्हानमध्ये. त्यावेळी चर्चा झाली ती नागपूरच्या नळाच्या पाण्याची, ते साहजिक आहे. पण राख तळाशी बसली की रेतीच्या कणांमधली जागा बुजते, अन् त्या जागेतूनच पाणी जमिनीत मुरतं. चतुराचं पिल्लू गुदमरतं त्याच कारणानं काठची विहीरही हळूहळू मागं पडते. किड्याचा प्रश्न अन् विहिरीचा प्रश्न असे एका ठिकाणी येऊन मिळतात.

अन् नाग नदी. लाव्हाच्या टेकड्यांतून निघते, शहराचं सगळं सांडपाणी घेते, कुही तालुक्याकडे येते, कन्हानला मिळते, अन् कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला. म्हणजे ते पाणी शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात. नाग नदीच्या शुद्धीकरणाचा सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. दुसरीकडे गोसीखुर्दचं पाणी बुलढाण्यापर्यंत नेणारा वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्प, ४२६ किलोमीटरच्या कालव्याचा, सरकारनं २०२४ मध्ये मंजूर केला. या दोन्हीतला कोणता आधी पुरा होतो, यावर सहा जिल्ह्यांच्या शेतात कसं पाणी जाईल हे ठरणार आहे. कुही तालुक्यातले लोक तो वास आजही घेतात, अन् हा प्रश्न त्यांनीच आधी विचारला पाहिजे.

"किडा सापडला की जमीन जाईल"

ही भीती सगळीकडे आहे. पेंच अन् उमरेड-कऱ्हांडल्याच्या काठच्या गावांना तर जंगलाच्या नियमांचा अनुभवच आहे. पश्चिम घाटातही तेच. केंद्रानं ३१ जुलै २०२४ ला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना पुन्हा काढली, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर होते, अन् गावागावांतून हरकती गेल्या. मुंबई-दिल्लीतून नकाशावर रेघ ओढली की गाव बिथरतंच. त्यात गावाची चूक नाही.

पण चौकुळच्या शेजारी आंबोलीत वेगळं काहीतरी झालं. हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या कुंडात २०२० मध्ये एक छोटा मासा शोधला गेला, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये राज्य सरकारनं त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. किती जागा? २.११ हेक्टर. पाच एकराच्या थोडं वर. अख्खा तालुका नाही, अख्खं गाव नाही, जिथं मासा आहे तेवढं पाणी अन् त्याचा काठ. आपल्या विदर्भात गडचिरोलीच्या आलापल्लीचं जंगल याच कायद्याखाली राज्यातलं पहिलं वारसा स्थळ झालं होतं.

हा कायदा म्हणजे जैविक विविधता कायदा, २००२. त्याच्या कलम ३७ मध्ये वारसा स्थळ जाहीर करायचं तर स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करावी लागते, अन् कोणाचं आर्थिक नुकसान होत असेल तर त्याच्यासाठी योजना करायची तरतूदही त्याच कलमात आहे. वरून लादलेल्या नकाशापेक्षा गावानं मागितलेली पाच एकरं, मला तरी हा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

याच कायद्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे अन् तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवली पाहिजे. बहुतेकांना ही समिती आपल्या गावात आहे हेच माहीत नसतं. याचं कारण घाई. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, नंतर उशीर करणाऱ्या राज्यांना महिन्याला १० लाख रुपये दंड. मग देशभर कागद धावले. शेजारच्या गावाची नोंदवही उघडली तर तीच झाडं, तेच पक्षी त्याच क्रमानं सापडले तर नवल वाटू नये. नाल्याचं नाव, नाला कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, कोणत्या डोहाला उन्हाळ्यात पाणी असतं, ही माहिती गावातल्या ढिवर बांधवांइतकी कोणालाच नसते, अन् नोंदवहीत तीच नसते.

अन् हे ज्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाच्या देखरेखीखाली चालतं, त्याचं मुख्यालय मुंबईत नाही, आपल्या नागपुरात आहे. सिंधुदुर्गच्या गावाला तिथं यायला रात्रभर गाडीत बसावं लागतं, आपल्या गावाला सकाळची एसटी पुरते.

आपली नोंदवही ग्रामपंचायतीत मागता येते. नाही दिली तर माहितीच्या अधिकारात मागता येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या ग्रामसभांपैकी कोणत्याही सभेत नाल्याची नोंद दुरुस्त करा, असा विषय सरपंच-सचिवांकडे आधी लेखी देता येतो. खोलीकरणाचा ठराव त्याच सभेत येणार असेल तर कोणता पट्टा राखायचा, तेही त्याच ठरावात लिहून घ्या. नंतर तोंडी सांगून उपयोग होत नाही.

फोटोचं म्हणाल तर हातातला मोबाईल पुरतो. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर ते नोव्हेंबर, सकाळी नऊ-दहानंतर ऊन पडलं की नाल्याच्या काठी जा. चतुर गोट्यावर बसला की हळू पुढं सरका, सावली त्याच्यावर पडू देऊ नका. एक फोटो वरून, एक बाजूनं, एक तोंडाचा. डोळे दूर-दूर असतील तर तो रेतीवाला. जागा अन् तारीख लिहून आयनॅचरलिस्ट या मोफत ॲपवर नाहीतर इंडियन ओडोनाटा या संकेतस्थळावर टाकला की जाणकार नाव सांगतात, अन् ती नोंद तुमच्या नावानं कायम राहते. नाल्यात मशीन उतरायच्या आधीची अशी दहा-वीस नोंदी गावाकडे असतील, तर ग्रामसभेत बोलताना हातात काहीतरी असेल.